जुना ट्रक मालकाकडून घ्यावा की यार्डातून? आधी चाकं उघडून बघा

पहिला ट्रक जुनाच घ्यायचा ठरलं की दोन वाटा असतात. चालत्या धंद्यातल्या मालकाकडून थेट घ्यायचा, नाहीतर हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली गाडी यार्डातल्या लिलावात उचलायची. यार्डात गाडी सहसा स्वस्त पडते. तरी माझा कौल मालकाला, आणि तो चाकांमुळे.

मालकाच्या दारात गाडी जॅकवर घेता येते. पुढचं चाक वरून-खालून धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग सैल. नटांखालून डिस्कवर, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकावर, गंजाचे ओघळ आलेले दिसले तर नट ढिले होऊन गाडी तशीच पळाली असण्याची दाट शक्यता. निदान एक चाक उतरवायला लावाच. मी बघायला गेलो होतो त्या एका दहाटायरीला विकण्याआधी झकास रंग मारला होता. डिस्क काढली तर स्टडची (ज्यावर नट कसतात त्या बोल्टची) भोकं लांबट झालेली, आणि डिस्क हबला, म्हणजे अॅक्सलच्या टोकाच्या फिरत्या भागाला, टेकते त्या जागेवरही रंगाचा जाड थर. गाडी लोडवर चालली की हा थर दबतो आणि कितीही कसलेला नट ढिला पडतो. ती गाडी मी सोडली.

यार्डात ही मुभा बहुधा मिळत नाही. 'जशी आहे तशी' हीच अट. गाडी कित्येक महिने उभी, टायर एकाच जागी दबलेले, चांगले टायर आधीच निघून भलतेच चढलेले. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी असेल तर तो टायर कायद्यानेही बाद. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, मागे चालवून घेता येईल, पुढे अजिबात नको.

पासिंग, म्हणजे गाडीची सरकारी फिटनेस तपासणी, ताजं आहे यावर विसंबू नका. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी होतं, पण त्यानंतर नट किती वेळा खोलले ते त्या कागदावर नसतं.

मालकाकडून घेताना गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सही करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओत नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. म्हणजे नाव बदलेपर्यंत चाक निखळून कुणाला लागलं तर विकणाराही अडकतो. हे शांतपणे सांगितलं की चाक खोलायला आढेवेढे घेणारा मालकही पान्हा मागवतो.

यार्डातलीच घ्यायची असेल तर बोली लावताना टायर, बेअरिंग, स्टड आणि हबच्या ग्रीसचे पैसे बाजूला काढूनच आकडा बोला. चाकं नव्याने बसवून कळंबोलीहून पुण्याकडे निघालात तर खोपोलीला, बोरघाट लागायच्या आधी, प्रत्येक नट पुन्हा कसा. पुण्यात पोचल्यावर परत एकदा.