कॉन्टेसा ३२ की वेस्टसेल ३२?

शिडाची बोट घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न लांबीचा येतो. या दोघींच्या बाबतीत त्याचा काहीच उपयोग नाही. दोन्ही बत्तीस फुटी, दोन्ही १९७१ च्या सुमारास बाजारात आलेल्या, कॉन्टेसा इंग्लंडच्या लिमिंग्टनची आणि वेस्टसेल कॅलिफोर्नियाची. कॉन्टेसाचं वजन साधारण ४,३०० किलो, वेस्टसेलचं ८,८०० किलोच्या घरात. लांबी तीच आणि वजन दुप्पट, यातच पुढचं सगळं आलं.

शर्यतीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. डेव्हिड सॅडलरने आखलेली कॉन्टेसा अरुंद आहे, रुंदी जेमतेम साडेनऊ फूट. खाली साडेपाच फूट खोल जाणारी कील, म्हणजे बोटीच्या तळाचा जड कणा, आणि वजनातला जवळजवळ निम्मा भाग त्या कीलमधल्या शिशाचा. वाऱ्याच्या तोंडावर तिरकं चढताना ती चटकन कलते आणि मग त्याच कलावर घट्ट बसून पाणी कापत जाते. इंग्लंडच्या दक्षिणेला सोलेंट नावाच्या समुद्रपट्ट्यात, काउज वीक या शर्यतींच्या आठवड्यात कॉन्टेसांची स्वतंत्र शर्यत होते. सगळ्या बोटी सारख्याच असल्यामुळे तिथे वेळेची सूट-वजावट नसते, जो आधी पोचला तो जिंकला. वेस्टसेल हलक्या वाऱ्यात जड चालते आणि वाऱ्याविरुद्ध चढताना तर फारच मागे पडते. मात्र तिला सरसकट संथ म्हणणं अन्यायाचं आहे. तिची पाण्यालगतची लांबी साडेसत्तावीस फूट, कॉन्टेसाची चोवीस. पाण्यालगतची लांबी जास्त, तर बोट गाठू शकेल तो वेगही जास्त. त्या हिशेबाने वेस्टसेलची वेगमर्यादा सात नॉटच्या (तासाला सात सागरी मैल) आसपास येते, कॉन्टेसाची साडेसहाच्या. मागून भरपूर, टिकाऊ वारा असेल, तर महासागरात ती दिवसामागून दिवस चांगलं अंतर तोडते.

आता राहण्याचं. हौशी खरेदीदार नेमका इथेच घाईत निर्णय घेतात. कॉन्टेसाची पाण्यावरची उंची कमी. दिसायला देखणी, पण लाटेचं पाणी सरळ डेकवर येतं आणि आतलं छतही खाली येतं. उंच माणसाला मान वाकवूनच वावरावं लागतं. दोघांना आठवडा-दोन आठवडे छान जातात. वर्षभराचा संसार मांडायचा, तर डाळ-तांदळाचे डबे, प्रेशर कुकर, हत्यारं, सुटे भाग, थंडीचे कपडे हे सगळं कुठे ठेवायचं हा प्रश्न रोज उभा राहतो. सामान कसंबसं कोंबलं तरी बोट पाण्यात खाली बसते, आणि जिच्या चपळाईसाठी ती घेतली ती चपळाईच जाते. वेस्टसेलची रुंदी अकरा फूट. सहा फुटी माणूस आत ताठ उभा राहतो. टनभर सामान भरलं तरी तिच्या चालीत फारसा फरक पडत नाही. नांगरावर असताना ती कमी डुलते, आणि बोटीवर राहणाऱ्याच्या बहुतेक रात्री नांगरावर किंवा धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच जातात.

वेस्टसेलच्या घराण्याशी मुंबई-गोव्याचं नातं आहे. कॉलिन आर्चरने आखलेल्या नॉर्वेजियन बचाव-बोटींवरून अमेरिकी आरेखक विल्यम अ‍ॅटकिनने ‘एरिक’ नावाचा आराखडा केला. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’ त्यावरूनच मुंबईत सागवानात बांधली गेली आणि १९६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली बोट ठरली. वेस्टसेलचा सांगाडा त्याच वळणाचा: दोन्ही टोकं निमुळती, कील नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग.

सुरक्षिततेत दोघींचंही नाव मोठं आहे. १९७९ च्या फास्टनेट या इंग्लंड-आयर्लंडदरम्यानच्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या आणि वादळात १५ स्पर्धक दगावले. सर्वांत लहान बोटींच्या गटात शर्यत पूर्ण करणारी एकच बोट होती, ‘असेंट’ नावाची कॉन्टेसा ३२. सुमारे १५५ अंशांपर्यंत कलंडली तरी ही बोट परत उभी राहू शकते. वेस्टसेलची गोष्ट १९९१ ची. अटलांटिकमधल्या मोठ्या वादळात ‘सातोरी’वरच्या तिघांना अमेरिकी तटरक्षक दलाने उचललं. सोडून दिलेली बोट पुढे मेरिलँडच्या किनाऱ्याला लागली, ती मोठ्या नुकसानीशिवाय. तरीही जड बोट म्हणजे अभयदान नव्हे. ‘सुहैली’च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली अभिलाष टॉमींची ‘थुरिया’ २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली.

खर्चात एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. वेस्टसेलला पुढे आणि मागेही लाकडी वासे बाहेर आलेले असतात. ते धरून लांबी चाळीस फुटांच्या आसपास जाते, आणि अनेक मरिना (बोटी बांधून ठेवायची खाजगी बंदरं) टोकापासून टोकापर्यंत मोजूनच भाडं लावतात. मरिनाच्या अरुंद गल्लीत इंजिनावर मागे घेताना ती ऐकत नाही, हेही आलंच. शिवाय बऱ्याच वेस्टसेल अर्धवट, किटच्या रूपात विकल्या गेल्या आणि आतलं काम मालकांनी घरी केलं. म्हणून एक बोट सुताराच्या हातची वाटते, तर दुसरीची वायरिंग बघून धडकी भरते. जाणकाराकडून सर्व्हे, म्हणजे बोटीची तपासणी, करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि वाशांची लाकडं कुजली आहेत का हे आधी तपासा. कॉन्टेसात तेवढा फरक आढळत नाही. पण तीही जुनीच, तिच्या फायबरला पाण्याचे फोड आलेत का ते पाहावं लागतं.

ब्रिटनमध्ये नोकरी आहे, शनिवार-रविवार मोकळे आहेत आणि उन्हाळ्यात फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापर्यंत जायचं आहे, तर कॉन्टेसा घ्या. नोकरी सोडून दोघांनी काही वर्षं पाण्यावरच काढायची, तर वेस्टसेल. शर्यत, भटकंती, राहणं तिन्ही एकाच बोटीत हवं असेल, तरी माझं मत वेस्टसेललाच. क्लबांमधून शर्यतीसाठी हात लागतच असतात, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून हवं तितकं शर्यतीत उतरता येतं. झोपायला मात्र रोज आपल्याच बोटीत यायचं असतं.