नाडीऐवजी डायल : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

बुटाची नाडी बांधायला लागणारा वेळ ही एरवी तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही. पण दिवसातून अनेकदा बूट काढावे आणि घालावे लागत असतील, तर ती तक्रार आपोआप तयार होते. माझे काम भूजल सर्वेक्षणाचे आहे. भोर, मुळशी आणि मावळ या तालुक्यांतल्या विहिरींची पाणीपातळी मोजणे, डोंगरउतारावरचे झरे आणि कातळातल्या भेगा पाहणे आणि नंतर गावकऱ्यांबरोबर बसून त्याविषयी बोलणे, असा माझा दिवस असतो. बैठक बहुधा मारुतीच्या देवळात किंवा कोणाच्या तरी ओसरीवर होते आणि दोन्हीकडे बूट बाहेरच ठेवावे लागतात. घोट्यापर्यंतच्या बुटाची नाडी हुकांतून सोडवून, काम आटोपल्यावर पुन्हा वाकून ती ओवत बसायची, तोवर बरोबरची मंडळी बांधापलीकडे पोहोचलेली असतात. म्हणून गेल्या वर्षी मृगाच्या आधी मी नाडीऐवजी डायल असलेले ट्रेकिंगचे बूट घेतले. ते कोणत्या कंपनीचे आहेत हे येथे लिहीत नाही, कारण मला बोलायचे आहे ते बांधण्याच्या पद्धतीविषयी, आणि ती आता अनेक कंपन्यांच्या बुटांत सापडते.

ही पद्धत अगदी नवी नाही. पुमा कंपनीने 1991 मध्येच चकती फिरवून आवळण्याचा धावण्याचा बूट बाजारात आणला होता. आज जी डायल सर्वत्र दिसते तिचा प्रसार मात्र 2001 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात गॅरी हॅमरस्लॅग यांनी स्थापन केलेल्या बोआ या कंपनीमुळे झाला. सुरुवात बर्फावरच्या स्नोबोर्डिंगच्या बुटांपासून झाली, आणि ते सयुक्तिकच होते. जाड हातमोजे घातलेल्या, थंडीने आखडलेल्या बोटांनी नाडी बांधणे जवळपास अशक्यच. पुढे सायकलिंग, गोल्फ, डोंगरभटकंती आणि कारखान्यांतले सेफ्टी शूज असा तिचा विस्तार होत गेला.

रचना समजायला सोपी आहे. डायलच्या पोटात एक लहान रीळ असते आणि त्यावर प्लॅस्टिकचे आवरण असलेली बारीक पोलादी तार गुंडाळली जाते. डायल दाबली की तिचे दाते रिळाशी जुळतात, फिरवली की तार आत खेचली जाते आणि आतले खटके रिळाला उलटे फिरू देत नाहीत. डायल वर ओढली की खटके सुटतात, तार एकदम मोकळी होते आणि बुटाची जीभ पुढे ओढून पाऊल बाहेर काढता येते. रिळाचा व्यास डायलच्या व्यासापेक्षा बराच कमी असल्यामुळे दोन बोटांच्या साध्या जोराने तारेवर चांगलाच ताण येतो. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत बूट गरजेपेक्षा अधिक आवळला जाण्याची शक्यता असते. तसे झाले तर पावलाच्या वरच्या बाजूच्या मज्जातंतूंवर दाब येऊन बोटांना मुंग्या येतात. हाताला अंदाज आला की हा त्रास थांबतो.

घालण्या-काढण्याच्या वेगाविषयी जाहिरातीत जे सांगितले जाते ते खरे आहे. ओसरीच्या पायरीवर उभ्यानेच डायल ओढायची, टाच उचलायची आणि आत जायचे. निघताना पाय सरकवून डायल दाबायची आणि चार-पाच वेळा फिरवायची. परंतु इतक्या महिन्यांनंतर मला वेगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे मोल अधिक वाटते, आणि ती म्हणजे वाटेत थांबल्या थांबल्या ताण बदलता येणे. सकाळी बेताचा बसलेला बूट दुपारी पाऊल सुजल्यावर दाटतो. चढावर घोटा पुढे वाकायला थोडी ढील हवी असते आणि उतारावर पाऊल पुढे घसरून अंगठ्याचे नख बुटाच्या टोकावर आपटू नये म्हणून तोच बूट करकचून हवा असतो. नाडीच्या बुटातही हे सगळे करता येते. पण त्यासाठी पाठीवरची पिशवी उतरवून, बसून, गाठ सोडून पुन्हा बांधावी लागते, आणि म्हणून आपण ते करत नाही. उतार सुरू होताना एक पाय दगडावर ठेवून डायलला अर्धा वळसा देणे इतके सोपे आहे की ते आपसूक होते. माझी नखे यंदाच्या उन्हाळ्यात काळी पडली नाहीत, आणि त्याचे श्रेय मी या अर्ध्या वळशाला देतो.

दुसरा फायदा पावसाळ्यातला आहे. ओल्या सुती नाडीची सुरगाठ फुगून निरगाठ होऊन बसते, आणि गुळगुळीत पॉलिएस्टरची नाडी असेल तर ती चालता चालता आपोआप सुटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील यांत्रिक अभियांत्रिकीच्या संशोधकांनी 2017 मध्ये या सुटण्याचा उलगडा करून दाखवला होता. धावताना पाऊल जमिनीवर आदळते तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसून गाठ ढिली होते, आणि पाय पुढे-मागे होताना नाडीची हिसका खाणारी मोकळी टोके ती ओढून सोडवतात. डायलच्या बुटाला ना गाठ असते ना मोकळी टोके, त्यामुळे हे दोन्ही प्रकार संभवत नाहीत. करवंदीच्या जाळीत नाडीचा फासा अडकणेही बंद झाले.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्यांतली पहिली मला मूलभूत वाटते. नाडी प्रत्येक भोकात घासते, आणि हे घर्षण आपण अडचण म्हणूनच पाहतो. प्रत्यक्षात त्या घर्षणामुळेच नाडीचा बूट वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा आवळता येतो. चवड्यावर सैल ठेवून, मध्ये नाडीला दुहेरी पीळ देऊन, घोट्यापाशी घट्ट बांधण्याची युक्ती डोंगरात फिरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. गुळगुळीत तार मात्र आपल्या मार्गिकांतून इतकी सहज सरकते की तिच्यातला ताण वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखाच होतो. माझा चवडा रुंद आणि टाच अरुंद आहे. टाच पक्की बसेपर्यंत डायल फिरवली की चवडा आवळला जातो, आणि चवड्याच्या सोयीने थांबलो की टाच उचलली जाते. शेवटी मी टाचेला आतून पातळ फोमची पट्टी चिकटवली आणि प्रश्न बराचसा मिटला. यावर खरा उपाय दोन डायल देण्याचा आहे, एक खाली आणि एक वर. महागड्या बुटांत तो असतोही. पण एकच डायल असलेला बूट घेताना आपण वेग पदरात पाडून घेतो आणि पावलाप्रमाणे बूट बसवण्याची सोय बऱ्याच अंशी गमावतो, हे विक्रेत्याने सांगायला हवे. कोणी सांगत नाही.

दुसरी उणीव माझ्या बुटातल्या डायलच्या प्रकाराची आहे. ती एकाच दिशेने काम करते, म्हणजे आवळताना खटक्याखटक्याने आवळता येते, परंतु ढील देताना मधला पर्याय नाही. किंचित सैल करायचे असेल तरी पूर्ण सोडून पुन्हा आवळावे लागते. उलट फिरवून थोडे थोडे सैल करता येणाऱ्या डायलही मिळतात आणि सायकलिंगच्या चांगल्या बुटांत त्या पुष्कळदा असतात. चार पैसे अधिक गेले तरी तोच प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हवे तसे जुळवता येते’ असे म्हणायचे आणि जुळवणी एकाच बाजूने द्यायची, याला अर्धवट काम म्हणतात.

चिखलाविषयी मला सर्वाधिक शंका होती. भातखाचराच्या बांधावरून चालताना डायल अनेकदा चिखलात पूर्ण बुडाली, आणि ओला असेपर्यंत त्या चिखलाने काहीच बिघडवले नाही. अडचण येते ती तो वाळल्यावर. रात्रभर वाळलेली तांबडी माती दात्यांमध्ये इतकी घट्ट बसते की सकाळी डायल दाबली जाते, पण खटक्याचा आवाज येत नाही. फिरवली की कुरकुरते आणि तार जागची हलत नाही. उपाय साधा आहे. बूट नळाखाली धरायचा, डायल दाबायची-ओढायची आणि पाणी वाहत असताना दोन्हीकडे थोडी थोडी हलवायची. लालसर पाणी निघून गेले की स्वच्छ ‘टक्’ असा आवाज परत येतो. तेल घालू नये, कारण त्याला धूळ अधिकच चिकटते. पावसाळ्यात घरी आल्यावर बूट धुऊनच आत घ्यायचा, हा नियम आमच्या घरी आधीपासून होता; आता त्याला यांत्रिक कारणही मिळाले.

वेल्क्रोच्या पट्ट्या मी पूर्वी वापरल्या आहेत, आणि आश्विन-कार्तिकात आपल्या माळरानांवर त्या अगदी निरुपयोगी ठरतात. कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटणारी रानबोंडे पाहून जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला वेल्क्रोची कल्पना सुचली होती, हे प्रसिद्धच आहे. आपल्याकडची कुसळे त्या पट्टीत अशी काही रुतून बसतात की मूळ कल्पनेने आपला सूड उगवल्यासारखे वाटते. डायलच्या तारेला कुसळ धरत नाही. मोज्यांना धरते, ते निराळे.

खरी कसोटी उन्हाळ्याच्या तोंडाशी लागली. चवड्याजवळ, जेथे बूट प्रत्येक पावलागणिक मुडपतो, तेथील सर्वांत खालच्या मार्गिकेत तारेचे प्लॅस्टिकचे आवरण घासून गेले होते. बूट पुसताना चिंधीत काहीतरी अडकले म्हणून पाहिले, तर आवरणातून केसासारखे दोन-तीन पोलादी धागे सुईसारखे बाहेर आलेले. एकदा असे धागे तुटू लागले की उरलेल्यांवर भार वाढतो आणि तार फार काळ टिकत नाही. तशी ती काही दिवसांतच एका टेकडीच्या माथ्यावर तुटली. नाडी तुटली असती तर दोन तुकड्यांची गाठ मारून वेळ निभावली असती. तुटलेल्या तारेला गाठ बसत नाही, आणि बसली तरी ती मार्गिकेतून जात नाही. पिशवीतली सुतळी बुटाभोवती गुंडाळून मी खाली उतरलो.

बूट कंपनीच्या ग्राहक सेवेचा अनुभव निराशाजनक होता. डायल आणि तार यांची बुटाच्या आयुष्यभराची हमी खोक्यावर छापलेली असूनही आधी खरेदीची पावती, मग छायाचित्रे, मग त्याच छायाचित्रांची पुन्हा मागणी असे करत कित्येक आठवडे गेले. शेवटी दुरुस्तीचा संच आला तो मात्र उत्तम होता. त्यात नवी तार, लहानसा स्क्रूड्रायव्हर आणि चित्रांची सूचनापत्रिका होती. डायलचे झाकण उचकटून मधला स्क्रू काढायचा, जुन्या तारेचे अवशेष बाहेर घ्यायचे, नवी तार मार्गिकांतून ओवून तिची टोके रिळात अडकवायची, एवढेच काम आहे आणि ते घरच्या टेबलावर सहज होते. कोपऱ्यावरच्या मोचीकाकांना मी तो बूट मुद्दाम दाखवला. त्यांनी डायल दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, “साहेब, तळ सुटला तर आणा, शिवून देतो. हे यंत्र तुमचं तुम्ही बघा.” ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्याकडे कोणत्याही नाक्यावर होते, तिचा एक भाग या रचनेने त्या नाक्यावरून उचलून कुरियरच्या भरवशावर टाकला आहे, आणि किमतीचा विचार करताना हे धरायला हवे. मला हा बूट त्याच कंपनीच्या नाडीच्या बुटापेक्षा सुमारे दीड हजार रुपयांनी महाग पडला.

असे असूनही मी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हाच प्रकार सुचवला, आणि त्यांचा अनुभव माझ्याहून चांगला आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या उजव्या हाताची पकड परत आलेली नाही. दोन वर्षे घरच्यांकडून नाडी बांधून घेणे त्यांना मनातून फार लागत असे. डायल एका हाताने दाबता, फिरवता आणि ओढता येते. बूट पायात सरकवण्यासाठी ते लांब दांड्याचा शूहॉर्न वापरतात. चटकन बांधता येणाऱ्या बुटांचा विचार करताना खेळाडू नेहमी पुढे दिसतात, परंतु नायकी कंपनीने 2015 मध्ये टाचेकडून उघडणारा जो बूट आणला, त्यामागेही सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका किशोरवयीन मुलाने लिहिलेले पत्र होते. त्याच कंपनीने 2016 मध्ये मोटरने स्वतःच आवळला जाणारा बूटही काढला. पण चार्जिंग करावे लागणारा बूट घालून मी तरी विहिरीत उतरणार नाही.

लवचीक नाड्या आणि दोरी ओढून स्प्रिंगच्या कुलपाने अडकवायची पद्धत हे स्वस्त पर्याय आहेत. रस्त्यावर धावणाऱ्यांना ते पुरेसे ठरावेत. पाठीवर ओझे घेऊन उतरताना लवचीक नाडी ताणली जाऊन पाऊल पुढे सरकते, म्हणून माझ्या कामासाठी ती मी बाद केली.

डायलचा बूट घेणारच असाल तर दुकानात संध्याकाळी जा, कारण तोपर्यंत पाऊल दिवसभराचे फुगलेले असते. नेहमीचे मोजे घालून डायल पूर्ण आवळून पाहा. दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींना टेकल्या आणि तरीही पाऊल आत हलत असेल, तर तो बूट तुमच्यासाठी नाही, कारण पुढे कातडे सैलावल्यावर आवळायला जागाच उरणार नाही. डायल जिभेवर आहे की बाहेरच्या बाजूला हेही पाहा. बाहेरच्या बाजूची डायल कातळावर घासते, आणि माझ्या डाव्या बुटाच्या डायलची कड त्यामुळे झिजली आहे. चवड्याजवळच्या मार्गिका कापडी पट्टीच्या आहेत की कडक प्लॅस्टिकच्या, हे बोट फिरवून तपासा. माझी तार तुटली ती प्लॅस्टिकच्या मार्गिकेच्या धारेवर. आणि सुटी तार विकत मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. ‘मिळेल’ असे उत्तर आले, तर तिथल्या तिथे एक विकत मागा.