क्लिकर, हार्नेस आणि लांब दोरी : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही टिकलीसाठी, म्हणजे आमच्या देशी कुत्रीसाठी, तीन वस्तू घेतल्या : एक क्लिकर, छातीवर आणि पाठीवर कडी असलेला हार्नेस (म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) आणि दहा मीटर लांबीची नायलॉनची दोरी. आता उन्हाळा सरत आला आहे. तिन्ही वस्तू घरातल्या सर्वांनी रोज वापरल्या असल्यामुळे त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी एक डबी. ती दाबली की आतली धातूची पट्टी टक् असा आवाज करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४० च्या दशकात प्राण्यांना शिकवताना अशा खुणेच्या आवाजाचा उपयोग सुरू केला, आणि त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे : कुत्र्याने हवी ती कृती केली त्याच क्षणी आवाज, आणि त्यामागोमाग खाऊ. टिकलीने बूड जमिनीला टेकवले रे टेकवले की टक् होते, त्यामुळे आपल्याला खाऊ नेमका कशासाठी मिळाला याविषयी तिचा गोंधळ होत नाही. ‘शाब्बास’ म्हणूनही हे साधते. परंतु बाबांचा ‘शाब्बास’ संथ, पुतणीचा किंचाळून म्हटलेला, आणि दोघांचाही थोडा उशिरा येणारा. क्लिकरचा आवाज मात्र कोणीही दाबला तरी एकच असतो, आणि एकत्र कुटुंबात हा गुण फार मोलाचा आहे. ‘बस’ आणि ‘थांब’ या दोन आज्ञा ती लवकर शिकली. आज्ञा पक्की झाली की क्लिकर बाजूला ठेवायचा आणि खाऊ अधूनमधूनच द्यायचा, कारण हे साधन नवे शिकवण्यापुरते आहे.

खाऊ म्हणून आम्ही उकडलेले चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून वापरतो आणि तेवढे रोजच्या जेवणातून कमी करतो. नाशिककरांना येथे कळकळीने सांगावेसे वाटते की द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला कधीही देऊ नयेत. त्यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आपल्याकडे हंगामात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, पाहुणे प्रेमाने एखादा मणी पुढे करतात, म्हणून हे घरातल्या लहान मुलांनाही समजावून ठेवलेले बरे.

हार्नेसविषयी माझे मत चांगले आहे, पण तक्रारीही आहेत. कुत्रे ओढू लागले की छातीवरच्या कडीमुळे त्याचे अंग बाजूला वळते आणि ओढण्याचा जोर मोडतो. गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीप्रमाणे श्वासनलिकेवर दाब येत नाही. तरीही हार्नेस स्वतःहून काही शिकवत नाही. हातातला पट्टा ताणला गेला की आपण जागीच उभे राहायचे आणि तो सैल झाल्यावरच पुढे पाऊल टाकायचे, हे प्रत्येक फेरीला पाळावे लागते. भर पावसात त्याचे अस्तर वाळत नाही आणि पुढच्या पायांमागची कातडी घासून लाल होते. हार्नेसचा पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील इतकी जागा ठेवल्यावर आणि घरी आल्यावर हार्नेस लगेच काढू लागल्यावर तो त्रास थांबला.

तिन्हींत सर्वाधिक उपयोगी ठरली ती लांब दोरी. ‘ये’ ही आज्ञा घरात शिकवणे सोपे असते. सोमेश्वरच्या बाजूला गोदाकाठी, बगळे आणि भटकी कुत्री समोर असताना ती पाळली जाणे अवघड असते. दोरीमुळे टिकलीला मोकळेपणा मिळतो आणि हाक न ऐकता निघून जाण्याची संधी मात्र मिळत नाही. दोरी गळपट्ट्याला न बांधता हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच अडकवावी, नाहीतर धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. आपल्या हातात हातमोजेही हवेत, कारण सरकत जाणारी नायलॉनची दोरी तळवा भाजल्यासारखा सोलून काढते. हाक ऐकून आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नये, मग ते कितीही उशिरा आलेले असो.

गणेशोत्सवात या साधनांची मर्यादा स्पष्ट झाली. नाशिक ढोलाच्या गजरात क्लिकर ऐकूच जात नाही, आणि घाबरलेले कुत्रे आवडीच्या खाऊकडेही पाहत नाही. मिरवणुकीच्या काळात आम्ही शिकवणी पूर्ण बंद ठेवून तिला आतल्या खोलीत, सोबतीला कोणीतरी बसून, सांभाळले. त्यानंतर ढोलाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून त्याच वेळी पनीर देण्यास सुरुवात केली; तिचे कान मागे गेले की आवाज कमी करायचा, ती निवांत असली तरच किंचित वाढवायचा. रंगपंचमीला लांबून येणारा ढोल तिने पलंगाखाली न शिरता ऐकला, याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद झाला.

लांब दोरी सर्वाधिक उपयोगी असली तरी ती हार्नेसलाच अडकवावी लागते, म्हणून ज्यांना एकच वस्तू घेणे शक्य आहे त्यांनी चांगला हार्नेस घ्यावा आणि क्लिकरऐवजी एखादा छोटा, सर्वांनी ठरवलेला शब्द वापरावा. दोरी घेताना लांबीपेक्षा तिच्या टोकाचा हुक आधी तपासावा. आमच्या पहिल्या दोरीचा हुक पावसाळ्यातच गंजून अडकू लागला होता. नंतर घेतलेला पितळी हुक अजून उत्तम चालतो.