नवी नेटवर्क केबल घेतल्याने घरच्या इंटरनेटचा वेग वाढतो का? चार केबल बदलल्यानंतरचे परीक्षण

घरातील नेटवर्कच्या चारही केबल बदलून मला दीड महिना झाला. त्यांपैकी तीन केबलमुळे इंटरनेटच्या वेगात कसलीही भर पडली नाही आणि एकीमुळे तो जवळजवळ तिप्पट झाला. हे दोन्ही एकाच घरात, एकाच जोडणीवर घडले असल्यामुळे या नव्या कॅट ६ केबल (कॅट म्हणजे केबलचा वर्ग; आकडा जितका मोठा, तितका वर्ग वरचा) चांगल्या आहेत की वाईट, एवढे सांगून भागणार नाही.

माझी जोडणी सेकंदाला ३०० मेगाबिटची आहे. परंतु कामाच्या खोलीतील संगणकावर वेग मोजला की आकडा कायम ९३ किंवा ९४ येत असे. मी सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे दोनदा तक्रार केली, आणि ती तक्रार चुकीची होती हे मान्य करणे मला आवश्यक वाटते, कारण दोष शोधण्याची किल्ली त्या आकड्यातच होती. संगणक आणि राउटर यांच्यातील दुवा १०० मेगाबिटवर चालत असेल, तर प्रत्येक पॅकेटसोबत, म्हणजे माहितीच्या लहान तुकड्यासोबत, जाणारी पत्त्याची वगैरे माहिती वजा होऊन प्रत्यक्ष वापरासाठी साधारण ९४ मेगाबिट उरतात. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, दुव्यावर हाच आकडा ९४० च्या आसपास असतो. केबलमध्ये तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात. १०० मेगाबिटसाठी त्यांतील दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये सैल बसली, तर बरीच उपकरणे कोणतीही सूचना न देता १०० मेगाबिटवर उतरतात, आणि इंटरनेट चालू असल्यामुळे आपल्याला काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही.

नवी केबल लावताच संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दुव्याचा वेग १०० ऐवजी १००० दिसू लागला आणि मोजणी २९० च्या वर गेली. येथेच थांबलो असतो, तर कॅट ६ घेतल्यामुळे वेग वाढला असे मी ठामपणे लिहिले असते. परंतु जुन्या केबलच्या आवरणावर कॅट ५ई असे स्पष्ट छापलेले होते, आणि तांब्याच्या तारांवरील गिगाबिटचे १९९९ चे मानक तर त्याहूनही जुन्या कॅट ५ केबलवर १०० मीटरपर्यंत चालावे अशा बेताने तयार झाले होते. म्हणून मी त्या केबलचे एक टोक कापले, नवा आरजे-४५ (नेटवर्क केबलचा नेहमीचा) कनेक्टर क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट करून, बसवला आणि तीच केबल पुन्हा लावली. दुवा १००० वर आला आणि वेग नव्या केबलइतकाच मिळाला. वेग वाढला तो तुटलेली जोडी पुन्हा जुळल्यामुळे. केबलच्या वरच्या वर्गाचा त्यात वाटा नव्हता.

उरलेल्या तीन ठिकाणांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. मोडेम ते राउटर हा दुवा आधीपासून गिगाबिटवर होता, तसाच तो फायली साठवण्याच्या पेटीचाही होता. टीव्हीचे पोर्टच १०० मेगाबिटचे निघाले. फोन वायफायवर असतात, त्यामुळे राउटरपासून पुढे त्यांचा केबलशी संबंध येत नाही. खेळांसाठी पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, कमी होईल असा दावा वेष्टनावर होता, त्याची शहानिशाही मी केली. तांब्यातून संकेत प्रकाशाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे १० मीटरला जेमतेम ५० नॅनोसेकंद लागतात. पिंग मिलिसेकंदांत मोजला जातो. केबल बदलून त्यात फरक दिसण्याचे कारणच नाही.

वस्तू म्हणून या कॅट ६ केबल समाधानकारक आहेत. आवरणावर वर्ग आणि तारेचा गेज (जाडीचे माप) स्पष्ट छापलेला आहे आणि तारा शुद्ध तांब्याच्या आहेत. ही शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पहिल्यांदा आलेल्या मालावर सीसीए ही अक्षरे होती, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा केवळ मुलामा. तो माल मी परत पाठवला. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असते, ते वाकवल्यावर लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी अशी केबल जास्त तापते. शंका असल्यास तार चाकूने खरवडून पाहावी. आत चंदेरी रंग दिसला तर ती केबल घेऊ नये. दोन उणिवा मात्र नोंदवतो: क्लिपवरील रबरी टोपी इतकी कडक आहे की अरुंद जागेतील पोर्टमधून केबल काढताना बोट दुखते, आणि जाडीमुळे कपाटामागच्या कोपऱ्यात ती नीट वळत नाही. केबलच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा लहान वळण देऊ नये, हा नियम येथे पाळावाच लागतो.

तुलनेसाठी दोन मीटरची एक कॅट ८ केबलही मागवली होती. हा वर्ग २००० मेगाहर्ट्झचा असून ३० मीटरच्या आत २५ ते ४० गिगाबिट वाहून नेण्यासाठी, मुख्यतः डेटा सेंटरकरिता, ठरवलेला आहे. माझ्या गिगाबिट पोर्टवर तिने अगदी कॅट ५ई इतकाच वेग दिला, आणि जाड धातूच्या आच्छादनामुळे पोर्टवर ताण मात्र अधिक आणला.

घरची जोडणी एक गिगाबिटच्या पुढे जाणार असेल तर केबलच्या वर्गाचा विचार जरूर करावा, पण तोही बेताने. २०१६ च्या मानकानुसार अडीच गिगाबिट कॅट ५ई वरही १०० मीटर चालते. १० गिगाबिटसाठी कॅट ६ सुमारे ५५ मीटरपर्यंत आणि कॅट ६ए पूर्ण १०० मीटर पुरते. भिंतीच्या आतून नवी केबल टाकायची असेल तर मी कॅट ६ए घेईन, कारण ती नंतर बदलणे अवघड असते. खोलीतील उघड्या, लहान केबलसाठी शुद्ध तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ पुरेशी आहे, आणि तीही दुव्याचा वेग एकदा तपासल्यानंतरच घ्यावी.

कॅट ८ मी परत केली. टीव्हीची नवी केबल काढून सुटी ठेवली आहे आणि तिच्या जागी कनेक्टर बदललेली जुनी कॅट ५ई लावली आहे.