म्हापशातील एक स्थलांतर सल्ला केंद्र: व्यवसायाची पारख चोख, भाषेची बाजू लंगडी

ज्या सल्ला केंद्राविषयी हे लिहीत आहे, त्याचे नाव मुद्दामच देत नाही. माझ्या भाच्याने कॅनडात कायमचे स्थायिक होण्यासाठी एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर चालणाऱ्या निवडपद्धतीत उतरायला त्यांची सेवा घेतली आणि करारावर सही होण्यापासून प्रोफाइल दाखल होईपर्यंत बहुतेक वेळा मी त्याच्याबरोबर होतो. भाच्याचे वय २९, पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून घेतलेली तीन वर्षांची पदवी, त्यानंतर कांदोळीच्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये तीन वर्षांहून थोडी अधिक सलग नोकरी आणि पुढे बोटीवरची कंत्राटे, अशी त्याची पार्श्वभूमी आहे. बार्देशात घरटी एक तरी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, सापडतो, त्यामुळे अशी माहिती घेऊन येणारे गिऱ्हाईक या केंद्राला नवे नव्हते, आणि त्यांच्या कामात जे चांगले होते त्याचे बरेचसे श्रेय त्या सरावालाच द्यावे लागेल.

गोव्यात परदेशी स्थायिक होण्याचा विषय निघाला की आजही लोक आधी लिस्बनचे नाव घेतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची जी वाट आहे, तिच्यावर तुमचा हुद्दा कोणी विचारत नाही आणि इंग्रजीच्या परीक्षेतला बँड, म्हणजे गुणांक, हाही विचारत नाही. आजोबांच्या जन्माची नोंद सापडली की गाडी पुढे सरकते. परंतु ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२०च्या अखेरीस संक्रमणकाळ संपला आणि तो पासपोर्ट हाती घेऊन नव्याने ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याची मुभाही संपली. कौशल्याच्या आधारे निवड करणाऱ्या देशांकडे येथील तरुणांचा ओढा वाढण्यामागे हे एक कारण नक्कीच आहे. या दुसऱ्या वाटेवर मात्र मोठा भर दोन प्रश्नांवर असतो: तुम्ही नेमके कोणते काम करता, आणि ते करताना कोणती भाषा किती जाणता.

पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत केंद्राचे काम मला खरोखर आवडले. भाच्याने बसल्याबसल्या "मॅडम, मी शेफ द पार्टी", म्हणजे किचनच्या एका विभागाचा शेफ, असे सांगितले, तेव्हा समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "हुद्दा राहू द्या. कामावर गेल्यापासून सुटेपर्यंत काय काय करता, तेवढेच सांगा." मग मासळी साफ करून कापण्यापासून ग्रिल सांभाळणे, सॉस तयार ठेवणे, शिफ्ट संपताना फ्रिजचे तापमान वहीत नोंदवणे इथपर्यंत सगळे त्यांनी लिहून घेतले आणि शेवटी तीन प्रश्न विचारले: मेनू कोण ठरवतो, मालाची ऑर्डर कोण देतो, नव्या माणसांना कामावर कोण घेतो? तिन्हींचे उत्तर "वरचे शेफ" असे आले. कॅनडाच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात शेफचा संकेतांक ६२२०० आणि कुकचा ६३२०० असा आहे, आणि कोण कोणत्या संकेतांकात बसतो हे नेमणूकपत्रावरच्या नावावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामावरून ठरते. बाईंनी त्याला कुकमध्ये बसवले. भाच्याचा चेहरा पडला खरा, पण त्यात त्याचे नुकसान काहीच नव्हते. पाच आकडी संकेतांकांची ही पद्धत एक्स्प्रेस एन्ट्रीत नोव्हेंबर २०२२पासून लागू आहे. तिच्यात व्यवसायांचे ० ते ५ असे स्तर आहेत आणि परदेशी अनुभवावर अर्ज करणाऱ्या कुशल कामगारांसाठी ० ते ३ हे स्तर चालतात. कुक तिसऱ्या स्तरावर आहे. शिवाय २०२३पासून कॅनडा ठराविक व्यवसायगटांसाठी वेगळ्या निवडफेऱ्या घेऊ लागला, आणि २०२५ साली त्यातील कारागिरांच्या गटात कुकचा समावेश झाला. शेफ त्या यादीत नव्हता. मोठ्या हुद्द्याच्या हौसेने संकेतांक निवडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

बोटीवरच्या अनुभवाचा गुंताही त्यांनी नीट सोडवला. कुशल कामगारांच्या मूळ पात्रतेसाठी मागील दहा वर्षांत किमान एक वर्षाचा सलग, पगारी अनुभव लागतो. आठवड्याला ३० तास या हिशेबाने तो १,५६० तास होतो आणि एका आठवड्यात ३०हून जास्त तास राबल्याचे गुण मिळत नाहीत. बोटीवर माणूस आठवड्याचे सातही दिवस काम करतो, पण आठ-नऊ महिन्यांनी कंत्राट संपते, तो घरी येतो, पगार थांबतो आणि सलगपणा तुटतो. त्यामुळे मूळ पात्रता कांदोळीच्या नोकरीवर उभी करायची आणि व्यवसायगटाच्या फेरीसाठी, जिथे २०२५च्या नियमांनुसार मागील तीन वर्षांत सहा महिन्यांचा सलग अनुभव पुरत होता, तिथे बोटीचे कंत्राट दाखवायचे, अशी मांडणी केंद्राने केली. रिसॉर्टने आधी "अमुक व्यक्ती आमच्याकडे समाधानकारकपणे काम करीत होती" असे दोन ओळींचे पत्र दिले होते. त्याचा काडीचाही उपयोग नाही हे केंद्राने लगेच सांगितले, आणि कामाचे तपशील, आठवड्याचे तास, पगार व कालावधी असलेले पत्र कसे मागायचे याचा नमुनाही दिला. वर्गीकरणातील वाक्ये जशीच्या तशी उतरवून घेऊ नका, ही त्यांची सूचना तर फी वसूल करणारी होती.

भाषेचा विषय आला आणि हेच केंद्र ढेपाळले. भाच्याला आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत श्रवणात ८, वाचनात ७, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ मिळाले. "छान आहेत मार्क," असे म्हणून त्यांनी प्रोफाइल भरायला घेतले. परंतु एक्स्प्रेस एन्ट्रीत उमेदवारांची क्रमवारी १,२०० गुणांच्या गणितावर लागते; त्यात अविवाहित उमेदवाराच्या वयाचे ११०, पदवीचे १२०, इंग्रजीचे ११६ आणि पदवी व अनुभव यांची भाषेशी सांगड घालून मिळणारे ३८ धरले, तर बेरीज ३८४ होते. लेखनात ६.५ऐवजी ७ मिळाले असते, तर चारही कौशल्यांत कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवरची नववी पातळी गाठली गेली असती, भाषेचे १२४ झाले असते, सांगडीचे ३८ वरून थेट ७५ झाले असते आणि एकूण गुण ४२९ वर गेले असते. अर्ध्या बँडने ४५ गुणांचा फरक पडतो. वयाच्या रकान्यात एवढे गुण तिशीनंतर वर्षे उलटत गेली की हळूहळू गळतात. येथे ते लेखनाच्या परीक्षेतल्या एका पत्रात आणि एका निबंधात अडकलेले होते. हे गणित कोणाही अर्जदाराला सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य करता येते. फी घेणाऱ्या केंद्राने ते प्रोफाइल भरण्याआधी कागदावर मांडून दाखवायला हवे होते. प्रत्यक्षात ते आम्हाला विचारून काढावे लागले.

आणि ४२९ तरी कुठे पुरेसे आहेत? कारागिरांच्या गटाच्या फेरीत निवड होण्यासाठीची किमान गुणमर्यादा ऑक्टोबर २०२४मध्ये ४३३ होती, सप्टेंबर २०२५मध्ये ती ५०५ झाली. त्यामुळे खरा विचार फ्रेंचचा करायला हवा होता आणि त्याचा उल्लेख केंद्रात कोणीही आपणहून केला नाही. फ्रेंच येणाऱ्यांसाठी कॅनडा स्वतंत्र फेऱ्या घेतो; फेब्रुवारी २०२४मधील अशा एका फेरीची मर्यादा ३३६ होती, मार्च २०२५मधील एकीची ३७९. फ्रेंचच्या चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठणाऱ्याला, इंग्रजी बऱ्यापैकी असल्यास, ५० जादा गुण मिळतात आणि दुसऱ्या भाषेचे आणखी १२. भाच्याच्या ३८४मध्ये हे ६२ मिळवले तर ४४६ होतात, म्हणजे लेखनाचा बँड तसाच राहिला तरी त्या दोन्ही फेऱ्यांत तो सहज बसला असता. अर्थात सातवी पातळी म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी-२, आणि तिथवर पोचायला शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला मन लावून अभ्यास करावा लागतो. पण ज्या गोव्यात काही शाळांतून फ्रेंच शिकवली जाते, विद्यापीठात तिचे अध्यापन होते आणि पणजीत अलायन्स फ्रान्सेज आहे, तेथील सल्लागाराला ही वाट सुचू नये याचे नवल वाटते. इंग्रजीचा क्रॅश कोर्स मात्र त्यांच्याकडे विकायला होता.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. दर्शनी भागात ब्रिटनमधील शेफच्या नोकऱ्यांची जाहिरात अजून झळकत होती. वास्तविक २२ जुलै २०२५पासून ब्रिटनने कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारणपणे पदवीच्या पातळीचे काम आवश्यक केले आणि नव्या शेफसाठी ते दार बंद झाले. ऑस्ट्रेलियाबद्दल चौकशी केली तेव्हा ६५ गुणांची किमान अट सांगितली गेली, पण तुमचा व्यवसाय त्यांच्या यादीत असणे आणि कौशल्याची तपासणी आधी उत्तीर्ण होणे ही पहिली पायरी आहे, हे सांगायला ते विसरले.

परवान्याचा मुद्दा जरा गंभीर आहे. पैसे घेऊन कॅनडाच्या स्थलांतराचा सल्ला द्यायचा किंवा अर्जदाराचे प्रतिनिधित्व करायचे, तर ती व्यक्ती सर्वसाधारणपणे तेथील वकील तरी असावी लागते किंवा स्थलांतर सल्लागारांच्या 'कॉलेज' नावाच्या नियामक संस्थेची परवानाधारक सदस्य तरी. परवाना माणसाला असतो, कार्यालयाला नसतो. भिंतीवर ज्यांचे प्रमाणपत्र लावले होते ते गृहस्थ कॅनडात असतात, कॉलेजच्या सार्वजनिक नोंदवहीत त्यांचे नाव आम्हाला सापडलेही, पण त्यांच्याशी फोनवर बोलणे करून द्यावे म्हणून बरेच मागे लागावे लागले. प्रतिनिधी नेमल्याचा ५४७६ क्रमांकाचा फॉर्मही आम्ही मागितल्यावरच पुढे आला. तो फॉर्म न भरता फाइल चालवणाऱ्याकडे एक पैसाही देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

फी ९०,००० रुपये, तीन हप्त्यांत. भाषेची परीक्षा, पदवीचे मूल्यांकन आणि पुढे अर्ज करण्याचे निमंत्रण आल्यास सरकारी शुल्क हे सगळे वेगळे. प्रोफाइल तयार करायला कॅनडा सरकार काहीही घेत नाही, हे पाहता दुसरा हप्ता "प्रोफाइल दाखल झाल्यावर" का द्यायचा, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ज्याचा अनुभव सरळ आहे, म्हणजे एकच कंपनी, एकच काम, नीट पत्रे, त्याने हे पैसे भाषेच्या शिकवणीवर घालावेत. बोटीवरची तुटक कंत्राटे, हुद्दा एक आणि काम दुसरे, किंवा पत्र द्यायला खळखळ करणारा मालक अशी ज्यांची अडचण असेल, त्यांना या केंद्राचा उपयोग होईल, आणि तेवढ्यासाठी मी पाचांपैकी तीन गुण देतो. करार करताना मात्र पहिल्या हप्त्याआधी गुणांची लेखी बेरीज मागून घ्यावी आणि परताव्याचे कलम वाचावे. आमच्या करारात ते शेवटच्या पानावर, सहीच्या जागेच्या खाली छापलेले होते.