पुलमन, शिकागो : घड्याळाचा मनोरा पाहून परत फिरू नये

शिकागोला आलेल्या पाहुण्यांना आपली मराठी मंडळी हमखास आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नेतात, कारण १८९३ च्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंदांनी जिथे भाषण केले, ती हीच इमारत. तिथून मिलेनियम स्थानक काही मिनिटांवर आहे, आणि त्या स्थानकातून दक्षिणेकडे जाणाऱ्या मेट्रा इलेक्ट्रिक मार्गावरील गाडी पाऊण तासाच्या आत पुलमनला पोहोचवते. त्याच १८९३ साली जागतिक प्रदर्शनाला आलेले अनेक लोक ही ‘आदर्श’ कामगार वसाहत पाहायला मुद्दाम येत असत. आज येणाऱ्याने मात्र तिथे काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने, हे आधी ठरवून यावे, असे माझे मत आहे.

रेल्वेचे शयनडबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० पासून कारखान्याला लागून हे संपूर्ण गाव उभारले. विटांच्या घरांच्या रांगा, बाजार, हिरव्या दगडाचे चर्च आणि मुलीचे नाव दिलेले हॉटेल फ्लॉरेन्स ही सारी मालमत्ता कंपनीचीच होती. स्थापत्याची आवड असणाऱ्यांना गल्ल्यांतून फिरण्यात तास-दोन तास सहज जातील. हॉटेलात आत जायला मिळेलच असे नाही, त्यामुळे ते बाहेरून पाहायची तयारी ठेवावी.

राष्ट्रीय उद्यान सेवेचे अभ्यागत केंद्र घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीत आहे. १९९८ साली लावलेल्या आगीत या इमारतीचे मोठे नुकसान झाले होते. दुरुस्तीनंतर २०२१ च्या अमेरिकी कामगार दिनाच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, सुमारास ती लोकांसाठी खुली झाली. प्रवेश विनामूल्य आहे. १८९४ च्या संपाची कथा इथे फार परिणामकारक वाटते, कारण ज्या आवारात ती घडली तिथेच आपण उभे असतो. मंदीच्या काळात कंपनीने मजुरी सरासरी सुमारे एक चतुर्थांशाने कापली, घरभाडे मात्र जसेच्या तसे ठेवले, आणि ११ मे रोजी कामगार बाहेर पडले. युजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमन डब्यांवर बहिष्कार घातल्यावर देशभरची रेल्वे वाहतूक अडकली आणि अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी जुलैत लष्कर पाठवले. कामगार दिनाला संघराज्याची सुटी देणाऱ्या कायद्यावर याच अध्यक्षांनी २८ जूनला, म्हणजे लष्कर पाठवण्यापूर्वी काहीच दिवस, सही केली होती.

मात्र याच युनियनने त्याच वर्षीच्या अधिवेशनात कृष्णवर्णीय कामगारांना सभासदत्व नाकारले होते, आणि त्या काळच्या या टुमदार वसाहतीतही त्यांना जागा नव्हती. ही बाब लक्षात ठेवली नाही तर पुलमनची भेट अर्धवट राहते. केंद्रातील मांडणी पोर्टरांची, म्हणजे पुलमनच्या शयनडब्यांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांची, कथाही सांगते. परंतु संपाच्या कथेला इथे भिंती आहेत, मनोरा आहे, चर्च आहे, आणि पोर्टरांच्या कथेला यांपैकी काहीच नाही, कारण त्यांचे कामाचे ठिकाण धावती गाडी होती आणि बिऱ्हाड दुसरीकडे. उद्यान सेवेला दोष द्यावा अशी ही गोष्ट नव्हे, पण घाईत आलेला पाहुणा मनोऱ्याचे छायाचित्र काढून समाधानाने परततो, हे खरे.

म्हणून दीड किलोमीटर उत्तरेला, मेरिलँड ॲव्हेन्यूवरील एका जुन्या विटांच्या घरात असलेले ए. फिलिप रँडॉल्फ पुलमन पोर्टर संग्रहालय या भेटीतून कधीही वगळू नये. लिन ह्यूज यांनी १९९५ साली स्थापन केलेली ही स्वतंत्र संस्था आहे; उघडण्याच्या वेळा मर्यादित असल्याने आधी चौकशी करून जाणे इष्ट. जागा लहान आहे, झगमगाट नाही, आणि माझ्या मते संपूर्ण परिसरात सर्वांत जास्त वेळ द्यावा असे ठिकाण हेच आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. त्या मुक्त झालेल्या माणसांपुढे कोणते काम उरले होते, याचे एक उत्तर या घरात मिळते. १८६७ साली स्थापन झालेल्या पुलमनच्या कंपनीने शयनडब्यांत बिछाने घालण्यासाठी, बूट चमकवण्यासाठी आणि रात्रभर प्रवाशांच्या हाकेला ‘ओ’ देण्यासाठी मुद्दाम पूर्वीच्या गुलामांना नेमले. मालकाचे नाव गुलामाला लावण्याच्या जुन्या रीतीप्रमाणे प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारत. विसाव्या शतकाच्या विशीतही पूर्ण पगारासाठी महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरावे लागत, आणि घर चालायचे ते बक्षिशीवर.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोर्टरांची ‘ब्रदरहूड’ ही कामगार संघटना स्थापन झाली. अध्यक्ष म्हणून संग्रहालयाला ज्यांचे नाव आहे ते ए. फिलिप रँडॉल्फ निवडले गेले, ते स्वतः पोर्टर नव्हते म्हणूनही, कारण कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. शिकागोची बाजू मिल्टन वेब्स्टर यांनी लढवली, आणि तीही आपल्याच समाजातील प्रतिष्ठितांचा विरोध सोसून. पुलमन कंपनी कृष्णवर्णीयांना रोजगार देणारी मोठी मालक असल्याने त्यांची अनेक चर्चे आणि वृत्तपत्रे सुरुवातीला तिच्याच बाजूने होती. बरोबर बारा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३७ रोजी, कंपनीने करार केला आणि महिन्याचे तास २४० वर आले. बसमधील वर्णभेदाविरुद्धच्या माँटगोमेरीच्या बस बहिष्कारामागचे ई. डी. निक्सन याच संघटनेचे पोर्टर होते, आणि नागरी हक्कांसाठीच्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे नेतृत्व रँडॉल्फ यांनीच केले, हे वाचताना त्या छोट्या घराचा आवाका ध्यानात येतो.

कधी जावे? कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना फेब्रुवारी असला तरी शिकागोच्या थंडीत गल्ल्या पायी हिंडणे फारसे सुखाचे नाही. हा महिना ज्या इतिहाससंस्थेच्या प्रयत्नांतून रूढ झाला, ती कार्टर वुडसन यांनी १९१५ साली याच शहरात, वॉबॅश ॲव्हेन्यूवरील वायएमसीएमध्ये स्थापन केली, आणि तिने २०२५ सालासाठी श्रम हाच विषय निवडला होता. सप्टेंबरचा पहिला सोमवार किंवा ऑक्टोबर मला अधिक योग्य वाटतो. ऑक्टोबरात इथले रहिवासी आपली घरे पाहुण्यांना दाखवतात. तिकीट काढावे लागते, पण कामगारांच्या खोल्या किती अरुंद होत्या आणि अधिकाऱ्यांच्या किती प्रशस्त, हे आत गेल्याखेरीज उमगत नाही.

लहान मुले बरोबर असतील तर अर्धा दिवस, नसतील तर पूर्ण दिवस राखून ठेवावा. सकाळी आधी पोर्टर संग्रहालय, मग मनोरा, असा क्रम मी सुचवेन. मोटारीने आय-९४ महामार्गावरून १११ व्या रस्त्याला उतरणे सोपे आहे. रेल्वेने जाणाऱ्यांनी १११ व्या रस्त्याच्या स्थानकावर सगळ्या गाड्या थांबत नाहीत हे ध्यानात घेऊन परतीचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.