गायतोंडे आधी की बेकेट?

नागपूरच्या धरमपेठेतल्या भाचीला आधुनिक कला समजून घ्यायची आहे, पण सुरुवात अमूर्त चित्रांनी करावी की सॅम्युअल बेकेटसारख्या नाटककारांच्या नाटकांनी, हे ठरत नाहीये. मुळात दोन्हीकडे गोष्ट सांगणं बाजूला सारलेलं असतं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरातच जन्मले. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या सुरीने) रंगाचे थर चढवत, काढत त्यांनी कॅनव्हास घडवले. त्यात आकृती शोधू नये. रंग कुठे दाटतो, कुठे विरळ होतो ते बघावं. बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’मध्ये (पॅरिस, १९५३) तेच काम संवादांमधले विराम करतात. दोघं वाट बघतात, येणारा येत नाही. दुसऱ्या अंकात उघड्या झाडाला चार-पाच पानं फुटलेली दिसतात आणि तेवढ्यानेही आपण सावरून बसतो.

खर्चात नाटक सरस. संहिता घरी वाचता येते. छापील चित्रात मात्र पोत हरवतो, मूळ काम बघायला दिल्ली-मुंबई गाठावी लागते. मेहनत चित्रालाच जास्त, कारण तिथे संवादांचा आधार नाही.

शब्दांत रमणाऱ्याने नाटक घ्यावं, हवं तर आपल्या महेश एलकुंचवारांच्या ‘प्रतिबिंब’पासून. निवांत बघत बसण्याची सवय असेल, तर गायतोंडे. भाचीला मी नाटकच सुचवलं, ती वाचणारी आहे.